यावल अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा नव्याने होताना ग्रामसभेने नेमकं काय द्यायचं?

सीमेवरचा_पाडा

राम राम मंडळी. हा धागा राष्ट्रीय उद्यानांच्या व्यवस्थापन आराखड्यांचा, पण खान्देशात राष्ट्रीय उद्यान नाही. आपल्याकडे यावल, अनेर धरण आणि गौताळा-औट्रमघाट ही अभयारण्यं. पण आराखडा करायची रीत बरीचशी तीच, म्हणून या धाग्यात विचारतोय.

यावल अभयारण्याच्या हद्दीला लागून आमच्या तीन पाड्यांची मिळून एक ग्रामसभा आहे. आराखडा दहा वर्षांचा असतो एवढं माहीत आहे. पुढचा लिहायला घेतील तेव्हा आमचं म्हणणं 'निवेदन प्राप्त झाले' म्हणून फाईलला लागून राहू नये, ही इच्छा. आमचे विषय: मार्चनंतर आटणारं पाणी, घाणेरी, वणवा, मोह-चारोळी-डिंक आणि बाहेरून येणारी गुरं.

सूचना कोणत्या टप्प्यावर द्यायच्या, कोणत्या रूपात द्यायच्या, आणि कायद्यानं त्यांना आमचं किती ऐकावं लागतं? भाषणं नकोत, कामाचं सांगा.

कक्ष_क्रमांक

रूपापासून सुरू करतो, कारण बहुतेक सूचना तिथेच मरतात.

आराखड्याचे ढोबळ दोन भाग असतात. पहिल्यात आज काय आहे ते: क्षेत्र, वनस्पती, प्राणी, आजवरचं व्यवस्थापन, गावांचा जंगलावरचा आणि जंगलाचा गावांवरचा भार. दुसऱ्यात पुढे काय करायचं ते: उद्दिष्टं, अडचणी, उपाय, परिस्थितिकीय विकास (जंगलालगतच्या गावांसाठीची कामं), संशोधन व देखरेख, मनुष्यबळ, अंदाजपत्रक. ग्रामसभा बहुधा दुसऱ्या भागासाठी मागण्या देते. पहिल्या भागात मात्र तिच्या नावानं एक ओळही नसते. मग मागणीला आधार कुठला? 'अमुक कक्षातला झिरा एप्रिलमध्ये आटतो' हे पहिल्या भागात नोंदलं गेलं, तरच दुसऱ्या भागात त्यावर उपाय लिहिणं भाग पडतं. म्हणून आधी माहिती द्या, मागणी मागून.

प्रत्येक सूचनेला पाच गोष्टी हव्यात: कक्ष क्रमांक (कंपार्टमेंट नंबर, म्हणजे वनखात्यानं पाडलेल्या जंगलाच्या तुकड्याचा नंबर), जागेचं नाव आणि अक्षांश-रेखांश, कोणत्या महिन्यात काय होतं, करायचं काम मोजमापासह (हेक्टर, रनिंग मीटर, नग), आणि ते काम पुढे कोण सांभाळणार. 'वनतळी वाढवावीत' असं लिहिलं तर वाचणारा मान डोलावतो आणि पान उलटतो. तेच कक्ष क्रमांक टाकून 'नाल्यावर दगडी बांध ३ नग, प्रत्येकी ८ मीटर' असं लिहा. मग अंदाजपत्रकवाल्याला त्या ओळीला दर लावावाच लागतो.

आता टप्पा. मसुदा तयार झाल्यावर पोचलात तर उशीर झाला म्हणून समजा. चालू आराखड्याची मुदत संपायच्या दीड ते दोन वर्षं आधी माहिती जमवायला लागा, कारण पाण्याची आणि वणव्याची नोंद फक्त उन्हाळ्यात होते. एक उन्हाळा हुकला की वर्ष गेलं. मसुदा विभागीय पातळीवर होतो, वर मुख्य वनसंरक्षकांकडे जातो आणि मंजुरी नागपूरहून, मुख्य वन्यजीव रक्षकांची. तो जितका वर चढतो, तितकं त्यात नवं घालणं अवघड होत जातं.

सगळ्यांत पहिलं काम मात्र माहिती अधिकाराचा अर्ज. चालू मंजूर आराखडा नकाशांसह, मागच्या पाच वर्षांच्या वार्षिक कृती योजना, आणि प्रत्येक वर्षी कामनिहाय मंजूर रक्कम व खर्च मागा. शुल्क १० रुपये, छायाप्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. जुन्या आराखड्यात लिहिलेली किती कामं झालीच नाहीत याची यादी हाती आली, की अर्धी सूचनापत्रिका तिथेच तयार होते.

नियम_आणि_कलम

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पूर्वीपेक्षा जास्त, पण लोक समजतात तितकं नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ३३ मध्ये २०२२ च्या दुरुस्तीनं भर पडली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आता अभयारण्याचं व्यवस्थापन केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे केलेल्या आणि मुख्य वन्यजीव रक्षकांनी मंजूर केलेल्या आराखड्यानुसारच व्हायला हवं. आणि अभयारण्य अनुसूचित क्षेत्रात येत असेल किंवा तिथे वनहक्क कायदा २००६ लागू असेल, तर आराखडा संबंधित ग्रामसभेशी रीतसर विचारविनिमय करून तयार करायचा आहे. यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांतली सातपुड्याच्या कुशीतली ठरावीक गावंच अनुसूचित क्षेत्रात आहेत, सबंध तालुके नाहीत. पण तुमचं गाव त्या यादीत नसलं तरी वनहक्क कायद्याची बाजू उरतेच, कारण त्या कायद्याच्या 'वनजमीन' या व्याख्येत अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं येतात.

शब्द 'विचारविनिमय' आहे, 'संमती' नाही. तुम्ही 'नाही' म्हणालात म्हणून आराखडा थांबत नाही. मात्र विचारविनिमय झालाच नाही, किंवा एका दुपारी हजेरीपटावर अंगठे घेऊन झाला, तर ती उणीव लेखी दाखवता येते. त्यासाठी तुमचं स्वतःचं दप्तर चोख हवं.

वनहक्क नियमांप्रमाणे ग्रामसभेची गणपूर्ती निम्म्या सदस्यांची, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. ही सभा ग्रामपंचायतीची नव्हे, पाड्याची असू शकते. ठरावात मसुद्याच्या कोणत्या प्रकरणावर काय म्हणणं आहे ते पान क्रमांकासह लिहा आणि पोच घ्या. मसुदा इंग्रजीत आला तर पहिला ठराव मराठी गोषवाऱ्याच्या मागणीचा करा. सभेत तो पावरीत किंवा तडवी मंडळींच्या बोलीत समजावून सांगितल्याची नोंद इतिवृत्तात असावी.

सामूहिक वनसंसाधनाचा हक्क मिळाला असेल तर आणखी एक दार उघडं आहे. वनहक्क नियमांतल्या नियम ४(१)(ङ) खालची समिती आपल्या क्षेत्रासाठी संवर्धन व व्यवस्थापन आराखडा करते. तो वनखात्याच्या आराखड्याशी जोडून घ्यायचा असतो, आणि त्यात लागतील ते बदल समितीनं ठरवायचे असतात. अभयारण्याचा मसुदा निघण्याआधी तुमचा हा आराखडा तयार असला, तर तुमच्याकडून येते ती सूचना राहत नाही, जोडायचा दस्तऐवज होतो. फरक मोठा आहे.

कसत असलेल्या जमिनीचे वैयक्तिक वनहक्क दावे या सूचनांत मिसळू नका. १३ डिसेंबर २००५ ची अट (त्या तारखेआधीपासून ताबा हवा), पुरावे, मोजणी हे सगळं वेगळ्या फाईलचं काम. दोन्ही एकत्र आलं की बैठक अतिक्रमणावर घसरते आणि झिरा-वणवा राहतो बाजूला. आराखड्यात एवढंच मागा की मान्य झालेले आणि प्रलंबित दावे नकाशावर वेगवेगळ्या रंगात दाखवावेत.

कलम ३३ख ची सल्लागार समितीही विसरू नका. त्यात स्थानिक आमदार, पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे दोन, वन्यजीव क्षेत्रात काम करणाऱ्या तीन व्यक्ती असतात. तुमच्या भागातले पंचायत प्रतिनिधी कोण, ते आधी शोधा.

नकाशावाला

वरच्या उत्तरात 'अक्षांश-रेखांश' एका शब्दात उरकलंय. तिथेच सर्वांत जास्त घोळ होतो.

मोबाईलवर जागा अंश-मिनिट-सेकंदात दिसते आणि लिहिणारा मधलं चिन्ह गाळून दशांश करतो. २१ अंश २० मिनिटं ३० सेकंद म्हणजे २१.३४१७. ते २१.२०३० असं लिहिलं की जागा दक्षिणेला सुमारे १५ किलोमीटर सरकते. तुमचा झिरा थेट केळीच्या बागेत! कार्यालयात नकाशावर टाकल्यावर हे बिंदू हद्दीबाहेर पडतात आणि मुकाट्यानं गाळले जातात, तुम्हाला कुणी कळवत नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये दशांश अंश निवडा, डब्ल्यूजीएस ८४ ही मोजपद्धत ठेवा, पाच दशांश स्थळं लिहा (म्हणजे साधारण एक मीटरचा नेमकेपणा, मोबाईल तेवढा अचूक नसतो, पण लिहिताना कापू नका). नाल्याच्या घळीत किंवा दाट झाडीत उभं राहून दोन-तीन मिनिटं थांबा, अचूकता १० मीटरच्या आत आली की नोंदवा.

दुसरं, कक्षाची हद्द. जुन्या स्टॉक मॅपवरची (वनखात्याच्या झाडोरा-नकाशावरची) रेघ आणि संगणकावरची रेघ सगळीकडे जुळत नाहीत. तुमचा बिंदू दोन कक्षांच्या सीमेजवळ असेल तर दोन्ही क्रमांक लिहा आणि जवळच्या सीमास्तंभाचा क्रमांक टाका. स्थानिक नाव तर हवंच: नाल्याचं, टेकडीचं, डोहाचं. बीटगार्डला (वनरक्षकाला) कक्ष क्रमांकापेक्षा नावच लवकर कळतं.

अभयारण्य सुमारे १७७ चौरस किलोमीटरचं आहे, उत्तरेला मध्य प्रदेशची हद्द. त्या बाजूच्या पाणवठ्यांवर आणि वणव्यांवर 'सीमेपलीकडून' हा शेरा असू द्या. आंतरराज्य समन्वयाचा परिच्छेद प्रत्येक आराखड्यात असतो आणि तो नेहमी गुळगुळीत असतो. ठिकाणं दिलीत तर त्याला थोडं हाड येईल.

सीमेवरचा_पाडा

मोठी मदत झाली. पाण्याबद्दल सभेत ठरतंय की दर दोन किलोमीटरला एक सिमेंटचा पाणवठा मागायचा. बरोबर आहे का?

झिरा

नाही. उलट हीच मागणी मी सर्वांत आधी खोडेन.

कृत्रिम पाणवठे सरसकट वाटले की चितळ-रानडुक्कर वर्षभर तिथेच घुटमळतात, भोवतालचं गवत संपतं, आणि जिथे बिबट्या यायचा नाही तिथे तो येऊ लागतो, गावाजवळसुद्धा. शिकाऱ्याला विष टाकायला जागाही तीच. आधी नैसर्गिक पाण्याची यादी करा. प्रत्येक झिरा, डोह, नाल्यातला खड्डा तीनदा पाहायचा: जानेवारीचा शेवट, मार्चचा शेवट आणि १० ते २० मे. तिन्ही वेळा वाहतं, साचलेलं की कोरडं, एवढी नोंद पुरे. झऱ्याला धार असेल तर १५ लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते लिहा. ६० सेकंद लागले तर दिवसाला २१,६०० लिटर झाले. अशा झऱ्याला सिमेंटची गरजच नाही, गाळ काढून तोंडाला दगड रचले की भागतं.

मे महिन्यात दोन बारमाही पाण्यांमध्ये मोठी पोकळी राहते तिथेच नवा पाणवठा सुचवा, आणि तिथेही आधी नाल्यात दगडी अडसर किंवा भूमिगत बंधारा जमतो का ते पाहा. सुकी नदीच्या पाणलोटात हे काम दुहेरी उपयोगाचं आहे. डोंगराच्या पायथ्याचा बझाडा (गोटे-वाळूचा, पाणी मुरणारा) पट्टा पाणी पिऊन घेतो आणि खाली रावेर-यावलच्या केळीच्या विहिरींचा सगळा भरवसा त्या पुनर्भरणावर. हा मुद्दा लिहिलात तर खालच्या गावांचाही पाठिंबा मिळेल.

बशीसारखा पाणवठा मागायचाच असेल तर हिशोब जोडा. ३ मीटर व्यास आणि मध्ये ४० सेंटिमीटर खोल अशी बशी धरली तर पाणी मावतं साधारण ९४० लिटर. मेमध्ये दिवसाला सेंटिमीटरभर बाष्पीभवन धरलं, तर एकही जनावर पाणी प्यायलं नाही तरी आठ-नऊ दिवसांत निम्मं संपतं. म्हणजे आठवड्याला टँकर किंवा सौर पंप हवा, आणि त्याचा खर्च दहाही वर्षांच्या अंदाजपत्रकात. बहुतेक ठिकाणी बांधकामाचे पैसे पहिल्या वर्षी येतात, भरण्याचे येत नाहीत. कोरडी बशी वाईटच, कारण सवय लागलेलं जनावर तिथे येतं आणि पुढे गावाकडे वळतं. काठ उभा ठेवू नका. उतार इतका मंद हवा की पिल्लू पडलं तर बाहेर येईल.

कात्री_आणि_कुदळ

घाणेरी आणि वणवा माझ्याकडे.

घाणेरी वरून छाटली की दुप्पट फुटते. जाळली तरी फुटते. मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर तोडायचं, म्हणजे जिथून कोंब येतात तो भाग झुडपाबरोबर निघून येतो. मग झुडूप उलटं करून, मुळं आभाळाकडे, तिथेच वाळू द्यायचं. वेळ पहिल्या दमदार पावसानंतरची: माती मऊ असते आणि फळं धरलेली नसतात. सुरुवात वरच्या अंगानं करा, नाल्याच्या उगमाकडून खाली. खालून वर गेलात तर वरचं बी वाहून येऊन केलेलं काम भरून टाकतं.

फसतं ते पुढच्या दोन पावसाळ्यांत. बुलबुल आणि इतर पक्षी फळं खाऊन ज्या झाडांवर बसतात त्यांच्याखाली रोपांची गर्दी उगवते. ती हातानं उपटायची, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी. अंदाजपत्रकात ही दोन वर्षं नसतील तर पहिल्या वर्षीचं काम मागूच नका, पैसे पाण्यात. मोकळ्या झालेल्या जागी लगेच पवन्या, मारवेल असं स्थानिक गवताचं बी फेका, नाहीतर रानतुळस जागा धरते. मजुरीचा अंदाज हवा असेल तर २० बाय २० मीटरचा तुकडा आखा, साफ करायला किती माणूस-दिवस लागले ते मोजा आणि २५ नं गुणा. तो हेक्टरचा आकडा. दाट आणि विरळ घाणेरीचे तुकडे वेगळे धरा. हा प्रयोग अभयारण्याच्या आत परवानगीशिवाय करू नका, हद्दीबाहेरच्या घाणेरीत करा.

वणवा. आपल्याकडे हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, जाळरेषा (आग अडवायला साफ केलेला पट्टा) त्याआधी पूर्ण हवी. पण जानेवारीत जाळून साफ केलेली रेषा सागाच्या पानगळीनं मार्चपर्यंत पुन्हा भरते, आणि आग ती सहज ओलांडते. म्हणून सूचनेत किलोमीटर आणि रुंदीबरोबर 'मार्चमध्ये दुसरी झाडणी' हे वेगळं काम म्हणून लिहा. उपग्रहाच्या इशाऱ्यावर विसंबू नका. सूक्ष्म म्हणतात त्या सेन्सरचा एक ठिपकाही ३७५ मीटरचा असतो, तो उपग्रह साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातो. पहाटे मोहाखाली लावलेली छोटी आग दुपारपर्यंत विझलेली असते, तिथे काही दिसत नाही. गावाची स्वतःची वणवा वही ठेवा: तारीख, वेळ, कक्ष, अंदाजे हेक्टर, कारण, विझवायला किती माणसं. तीन हंगामांची वही असली की कुठल्या वाटेला फायर वॉचर हवा ते आपोआप दिसतं.

सीमेवरचा_पाडा

मोहाचं निघालंच आहे तर, मोहफुलं, चारोळी, सालईचा आणि धावड्याचा डिंक यांवर आराखड्यात काही मागता येतं की अभयारण्य म्हणून सरसकट बंदी? आणि बाहेरची गुरं?

नियम_आणि_कलम

अभयारण्यातून वनोपज काढण्यावर कलम २९ ची कडक मर्यादा आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या १४ फेब्रुवारी २००० च्या आदेशानं मृत, वाळलेली, वाऱ्यानं पडलेली झाडं आणि गवतसुद्धा हलवायला मनाई केली. त्यामुळे 'परवानगी द्यावी' असं आराखड्यात मागून काही होत नाही. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ग) खाली गौण वनोपजाचा हक्क मान्य करून घ्या, आराखड्यात त्या हक्काची नोंद आणि गोळा करण्याचे नियम येऊ द्या. क्रम हाच.

गुरांबाबत कलम ३३क वाचा. अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटरच्या आतल्या पशुधनाचं लसीकरण करून घेण्याची जबाबदारी मुख्य वन्यजीव रक्षकांवर आहे, आणि लस नसलेलं जनावर अभयारण्यात चारायला मनाई आहे. म्हणून पशुसंवर्धन विभागाबरोबर दरवर्षी लाळ्या-खुरकुताचं वेळापत्रक मागा, गावनिहाय जनावरांची संख्या देऊन. काठेवाडी आणि इतर फिरते कळप कोणत्या महिन्यात कोणत्या वाटेनं येतात ते नकाशावर दाखवा. तपासणीची जागा त्या वाटेवर लागते, वाट माहीत नसली तर ती डांबरी रस्त्यावर लागते.

रानपिंगळा

हक्क मिळाल्यावर नियम कसले ठेवायचे, ते ग्रामसभेनंच लिहावं. खात्यानं लिहिलेले कुणी पाळत नाही.

मोहासाठी झाडाखालचा पाला जाळायचा नाही, झाडून बाजूला करायचा किंवा जाळी अंथरायची. चारोळीसाठी सभेनं तारीख ठरवायची. स्पर्धेपायी कच्ची फळं काढली जातात, फांद्याच तोडून नेल्या जातात, मग पुढच्या वर्षी ना फळ ना बी. डिंकाला सर्वांत कडक नियम हवेत: छातीच्या उंचीला ९० सेंटिमीटरपेक्षा कमी घेर असेल तर चीरच नाही, चीर खोडाभोवती गोल फिरवायची नाही (कडं पडलं की झाड वाळतं), आणि एका भागाला काही वर्षं विश्रांती. सालईच्या चिरलेल्या खोडाला वणवा लागला तर जखमेतला डिंक पेट घेतो, म्हणून डिंकाचे आणि वणव्याचे कक्ष एकाच नकाशावर हवेत.

एक गोष्ट मात्र कुणीच मागत नाही, म्हणून मी मागतो. जुनी, पोकळ, अर्धवट वाळलेली झाडं कक्षनिहाय मोजून राखून ठेवा. रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला, शंभराहून अधिक वर्षांनी. म्हणजे हा पक्षी जगाला परत मिळाला तो खान्देशात! तो झाडाच्या ढोलीत घरटं करतो, आणि ढोली जुन्या झाडालाच असते. 'वाळलेली झाडं काढून स्वच्छता' अशी ओळ मसुद्यात दिसली तर तिच्यासमोर लाल रेघ मारा. बीटमधल्या एका वाटेवर दोन किलोमीटर चालत ढोलीच्या झाडांचा घेर, जात आणि जागा नोंदवली तरी सुरुवात झाली.

सीमेवरचा_पाडा

आभारी आहे सगळ्यांचा. सभेपुढे पहिला विषय माहिती अधिकाराचा अर्ज आणि दुसरा पाण्याची यादी. सिमेंटच्या पाणवठ्यांचा ठराव मागे घेतोय.

कक्ष_क्रमांक

एक राहिलं. आराखड्याच्या शेवटी फेरफारांच्या नोंदीचे तक्ते असतात: ठरलं काय, झालं काय, बदललं का. बहुतेक ठिकाणी ते कोरेच राहतात. सूचनांत एवढी ओळ घाला की हे तक्ते दरवर्षी वार्षिक कृती योजनेसोबत ग्रामसभेला मराठीत मिळावेत आणि पाचव्या वर्षी मध्यावधी आढावा गावात बसून व्हावा. आणि अर्ज लिहिताना 'आराखडा' एवढंच लिहू नका. पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचाही वेगळा विभागीय आराखडा असतो, नेमका तोच हातात ठेवतील. 'अभयारण्याचा मंजूर व्यवस्थापन आराखडा, सर्व परिशिष्टे व नकाशांसह' असं पूर्ण लिहा.